हजार गायींचं शेण जाणार कुठं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या शेतीपानावर मोठ्या डेअऱ्यांविषयी जे छापून येतं ते मी इथं अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टरला मुलाकडं बसून नेमानं वाचतो. गोल फिरणारा धारांचा मंच, गायीचं रवंथ मोजणारा गळ्यातला पट्टा, एका गायीमागं दिवसाला तीस लिटर दूध. यातलं खोटं काहीच नाही, मी असे गोठे आतून पाहिलेत आणि एक-दोन ठिकाणी तर गायींची निगा बघून जुन्या खात्याची लाज वाटली. पण एवढ्या मजकुरात शेणाला एक ओळ मिळत नाही. मी सरकारी पशुवैद्यक होतो, नोकरीची बहुतेक वर्षं वाळवा-शिराळा भागात गेली. गोठ्यात पाऊल टाकलं की आधी शेणाकडं बघायची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. म्हणून विचारतो.

हा विषय डोक्यात शिरला तो इथल्या ओढ्यांवर. मी वारणाकाठचा, गळ लहानपणापासून हातात. इथं मुलगा-सून दोघं इस्पितळात, नातवंडं शाळेत, आणि शेजारी एक सत्तरी ओलांडलेला गृहस्थ, साठ गायींची वडिलोपार्जित डेअरी मोडून गावात राहायला आलेला. दोघांनाही वेळच वेळ. त्यानं मला ट्राउट, म्हणजे थंड ओढ्यातला मासा, धरायला नेलं. परवाना काढायचा, त्यावर ट्राउटचा वेगळा शिक्का घ्यायचा, कमरेपर्यंत रबरी विजार चढवून पाण्यात उभं राहायचं आणि दोरीच्या टोकाला पिसांची खोटी माशी. काही टापूंत धरलेला मासा परत सोडावा लागतो. गांडूळ लावून बाभळीखाली मरळीची वाट बघणाऱ्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. घरी येऊन सांगितलं तर मंडळी म्हणाली, मग गेलात कशाला?

मिनेसोटाचा हा आग्नेय कोपरा, पलीकडचं विस्कॉन्सिन आणि खालचं आयोवा मिळून एक वेगळाच मुलूख आहे. आजूबाजूचा प्रदेश शेवटच्या हिमयुगात बर्फाखाली घासून सपाट झाला, हा टापू त्यातून वाचला. त्यामुळं खोल दऱ्या, चुनखडीचे कडे, आणि कड्यांच्या पायथ्याला फुटणारे झरे. झऱ्याचं पाणी बारा महिने आठ-नऊ अंश सेल्सिअसच्या आसपास. जुलैत बाहेर अंगाची लाही होत असते आणि पाण्यात घातलेला हात बधिर होतो. ट्राउटला असंच पाणी लागतं. पाणी वीस अंशांवर गेलं की तो कासावीस होतो, पंचविशीच्या पुढं टिकत नाही. पाण्यात विरघळलेला प्राणवायू भरपूर हवा, तळाला स्वच्छ बारीक खडी हवी, कारण तिथला ब्राउन ट्राउट शरद ऋतूत खडीत अंडी घालतो आणि ती हिवाळाभर तिथंच असतात. वरून गाळ आला की अंडी गुदमरतात.

जुलै २०२२ च्या शेवटच्या आठवड्यात लुइस्टन गावाजवळच्या रश क्रीक नावाच्या ओढ्यात सुमारे अडीच हजार मासे मेले. मी ते पाहिले नाहीत, शेजाऱ्यानं पाहिले. बहुतेक ब्राउन ट्राउट, पण त्याला जास्त लागलं ते स्कल्पिनचं. हा बोटभर मासा, दगडांखाली राहतो, कुणाच्या गळाला लागत नाही. तो मेला म्हणजे ओढा तळापासून गेला, असं त्याचं म्हणणं. सरकारी खात्यांनी चौकशी केली. निष्कर्ष असा की आदल्या दिवसांत वरच्या शेतांत शेणाचं खत आणि कीटकनाशकं पडली होती, मग जोराचा पाऊस झाला आणि ते सगळं ओढ्यात उतरलं. त्याआधी २०१५ मध्ये जवळच्याच व्हाइटवॉटर नदीच्या दक्षिण फाट्यात जवळपास दहा हजार मासे गेले होते. तिथंही आधी मोठा पाऊस. नेमकं कारण शेवटपर्यंत पक्कं ठरलं नाही.

कारण पक्कं ठरत नाही, हे जरा समजून घेण्यासारखं आहे. माझ्या नोकरीत विषबाधेच्या केसेस कमी आल्या नाहीत. जनावर मेल्यावर तासाभरात पोचलो तर पोटातलं काही सापडायचं, दुसऱ्या दिवशी गेलो तर नुसता पंचनामा. ओढ्याचं तर पाणीच वाहून जातं. कुणीतरी फिरायला गेलेला माणूस मेलेले मासे बघतो, फोन करतो, अधिकारी बाटल्या घेऊन येतात, तोवर विष मैलभर पुढं गेलेलं असतं. हाती उरतात ते मासे आणि आदल्या आठवड्यातल्या पावसाची नोंद.

शेणानं मासा मरतो कसा, हे लोकांना वाटतं तेवढं सरळ नाही. गावाकडं आपण म्हशी नदीत घालतो, त्या पाण्यातच शेण टाकतात, मासे काही मरत नाहीत. खरंय. इथला प्रकार वेगळा. गोठा पाण्यानं किंवा यंत्रानं साफ करतात, शेण, मूत आणि धुवण मिळून पातळ रबडी तयार होते, ती मोठ्या तळ्यात महिनोन्‌महिने साठते. त्यात अमोनिया तयार असतो. तो पाण्यात दोन रूपांत राहतो, त्यातलं एक रूप माशाच्या कल्ल्यांना घातक. पाणी जितकं अल्कधर्मी आणि जितकं कोमट, तितकं घातक रूपाचं प्रमाण वाढतं. आणि चुनखडीतून आलेलं पाणी मुळातच अल्कधर्मी. म्हणजे ज्या खडकानं ट्राउटला घर दिलं तोच खडक अशा वेळी त्याच्यावर उलटतो. त्याखेरीज रबडी कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात. रात्री वनस्पतीही प्राणवायू देत नाहीत, उलट घेतात, म्हणून मासे बहुधा पहाटे मरतात.

आता हिशेब. दुभती होल्स्टीन गाय दिवसाला शेण-मूत मिळून साठ किलोच्या आसपास टाकते. हजार गायींचे साठ टन, धुण्याचं पाणी वेगळं. त्यातून गायीमागं रोज चारशे ग्रॅमच्या वर नत्र पडतं, म्हणजे वर्षाला दीडशे टन. अर्धं हवेत उडून गेलं असं धरलं तरी पंच्याहत्तर टन उरलं. आपल्या शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत सांगायचं तर युरियाच्या पंचेचाळीस किलोच्या साडेतीन हजारांहून जास्त गोण्या, दरवर्षी, एका गोठ्यातून. मक्याचं पीक एकरी सत्तर किलो नत्र घेतं असं मानलं तर हे पचवायला हजार एकरांच्या वर जमीन पाहिजे. कागदावर ती दाखवलेली असते. पण रबडीत नव्वद टक्क्यांवर पाणी, ते टँकरनं लांब नेणं परवडत नाही. मग जवळच्या वावरात जास्त जातं, लांबच्या वावरात कमी. तळं भरत आलं, हिवाळा तोंडावर आला, की जमीन गोठायच्या आत ते रिकामं करायची घाई. ही घाई मी दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात बघतो. लांबच लांब नळ्या रस्त्याखालून घातलेल्या असतात, ट्रॅक्टर रात्रीसुद्धा चालू. त्या वेळी शेतात पीक नसतं. नत्र घेणारं मूळच नाही, तर ते खाली जाणारच.

आणि खाली काय आहे? भोकं. चुनखडी पाण्यात विरघळते, वर जमीन खचून खड्डे पडतात, खाली पोकळ वाटा तयार होतात. एका खड्ड्यात रंग ओतून तो कुठल्या झऱ्यातून निघतो हे इथले भूवैज्ञानिक बघतात, आणि काही ठिकाणी तो एका दिवसात काही किलोमीटर पोचतो. १९९१ मध्ये ह्याच लुइस्टन गावच्या सांडपाण्याच्या तळ्याखालची जमीन खचली आणि पाणी पाताळात गेलं. ते तळं गोठ्याचं नव्हतं, गावाचं होतं. पण जमीन तीच.

मासा मेला तर हळहळणारे आम्ही दोन म्हातारे. विहिरीचं पाणी बिघडलं तेव्हा मात्र वरपर्यंत हालचाल झाली. एप्रिल २०२३ मध्ये इथल्या पर्यावरण संस्थांनी केंद्राच्या पर्यावरण संरक्षण खात्याकडं अर्ज केला, आणि नोव्हेंबरात त्या खात्यानं राज्याला पत्र पाठवलं की ह्या कोपऱ्यातल्या आठ काउंट्यांत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) ज्यांच्या खासगी विहिरींत नायट्रेट, म्हणजे नत्राचं पाण्यात विरघळणारं रूप, मर्यादेबाहेर आहे त्यांना पिण्याच्या पाण्याची सोय करून द्या. मर्यादा म्हणजे नत्राच्या हिशेबानं लिटरला दहा मिलिग्रॅम. नऊ हजारांवर माणसांना धोका आहे किंवा होता, असा त्यांचा अंदाज. बाटलीनं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला असं पाणी गेलं तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते. जनावरांतही हे होतं, नायट्रेट साठलेला कोवळा ज्वारी-मका खाऊन आडव्या पडलेल्या गायी आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या डॉक्टरनं पाहिलेल्या असतात. चॉकलेटी रक्त एकदा पाहिलं की विसरत नाही.

हे सगळं मोठ्या डेअऱ्यांच्याच माथी मारणं बरोबर नाही. नायट्रेटमधला मोठा वाटा मक्याला घातलेल्या रासायनिक खताचा आहे. लहान गोठेवालाही ओढ्याकाठी उकिरडा घालतो, गायी पाण्यात उभ्या करतो, काठ तुडवून टाकतो. शेजारीच सांगतो, त्याच्या वडिलांच्या काळात गोठा मुद्दाम ओढ्याच्या वर बांधायचे, म्हणजे साफ करायची कटकट नको. आणि मोठ्या गोठ्यातले काही मालक खत जमिनीत टोचून घालतात, माती तपासतात, नोंदी ठेवतात. लहान माणसाला ती यंत्रं परवडणार नाहीत. पण लहान माणसाची चूक लहान राहते. साठ गायींचा खड्डा फुटला तर एक ओहळ जातो. तीन हजार गायींचं तळं फुटलं तर खोरं जातं.

अजून एक गोष्ट, जी मला इथं येईपर्यंत ठाऊक नव्हती. पलीकडं विस्कॉन्सिनात कून क्रीक म्हणून खोरं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उतारावर सरसकट नांगर घालून तिथल्या लोकांनी जमीन पार धुऊन घालवली, ओढे गाळानं भरले, पूर येऊ लागले. १९३३ मध्ये अख्ख्या अमेरिकेतला पहिला पाणलोट प्रकल्प तिथं सुरू झाला. समपातळीत नांगरट, पट्ट्यापट्ट्यानं पिकं, तीव्र उतारावर लसूणघास आणि कुरण, टेकड्यांच्या माथ्यावर झाडं. आपल्याकडच्या पाणलोटवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. हळूहळू झरे सावरले, ट्राउट परत आला. हे टिकलं कशामुळं? उतारावरच्या घासाला गिऱ्हाईक होतं म्हणून. गिऱ्हाईक म्हणजे घरच्याच चाळीस-पन्नास गायी. आता विस्कॉन्सिनात दुधाचे गोठे सहा हजारांच्याही खाली आलेत, वीस वर्षांपूर्वी पंधरा हजारांच्या आसपास होते. गायी जवळपास तेवढ्याच, पण एकवटलेल्या. लहान डेअरी बंद झाली की तिचा घासही जातो, त्या उतारावर मका-सोयाबीन येतं आणि पावसाचं पाणी पुन्हा माती घेऊन खाली पळतं. म्हणजे मोठा गोठा जिथं उभा राहतो तिथला ओढा धोक्यात येतोच, आणि जिथले लहान गोठे गेले तिथलाही येतो. माझ्या शेजाऱ्याच्या विकलेल्या रानात आता ओळीनं मका आहे. तो त्या रस्त्यानं गाडी घालत नाही.

मोठ्या गोठ्याला मर्यादा घालणं शक्य आहे का? इथल्या विनोना काउंटीनं घातली आहे. एका ठिकाणी १,५०० अ‍ॅनिमल युनिट (जनावरं मोजायचं इथलं सरकारी माप), मोठी दुभती गाय १.४ धरली तर साधारण १,०७० गायी. ती ओलांडू द्या म्हणून एका डेअरीनं अर्ज केला, नाकारला गेला, प्रकरण बरीच वर्षं कोर्टात चाललं. अशाच एका सुनावणीला मी मागच्या बाकावर बसून होतो. बोलायला प्रत्येकाला मोजकी मिनिटं, घंटा वाजली की खाली. डेअरीवाल्यांच्या घरातली तरुण पोरं उठून म्हणाली, आम्हालाही इथंच संसार करायचा आहे, दुधाचा दर आमच्या हातात नाही, गायी वाढवल्या नाहीत तर आम्हीही विकू. त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. दर पाडणारे त्या खोलीत नव्हतेच. पण त्यांच्यानंतर एक बाई उठल्या, त्यांनी विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल वाचून दाखवला आणि खाली बसल्या. घंटा वाजायच्या आत.

आता आपल्याकडं. महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या घरात. हजार गायींच्या शेणाला हजार एकर लागणार, तर तीनशे खातेदारांशी करार करावे लागतील. तसे करार कुणी केल्याचं माझ्या वाचनात नाही. आपला काळा पाषाण चुनखडीसारखा पोकळ नाही हे खरं, पण भेगांतून विहिरीला पाणी येतं तसं बाकीचंही येतं. आणि इथं वर्षभर विखरून पडणारा पाऊस आपल्याकडं चार महिन्यांत कोसळतो. एप्रिल-मेपर्यंत साठलेली रबडी मृगाच्या पहिल्या दणक्याला ओढ्यात. नेमके त्याच दिवसांत चढणीचे मासे पोटात अंडी घेऊन उलट्या प्रवाहानं ओढ्यांत शिरतात. शिराळ्याच्या पश्चिमेला लहानपणी आम्ही कंदील घेऊन त्यांच्या मागं जायचो, तेव्हा ओढ्यात पोतंभर मासा असायचा. तो आधीच कमी झालाय, जाळी, बंधारे, कीटकनाशकं अशी बरीच कारणं आहेत. त्यात आणखी हे नको.

कुणी म्हणेल गोबरगॅस करू. जरूर करा. पण गोबरगॅसमधून गॅस निघतो, नत्र निघत नाही. ते संयंत्रातून बाहेर पडणाऱ्या मळीत जसंच्या तसं राहतं, उलट जास्त भाग अमोनियाच्या रूपात येतो. संयंत्राला अनुदान दिलं म्हणजे ओढ्याचं भलं झालं असं धरून चालणाऱ्या अधिकाऱ्यांना हे एवढंच समजावून सांगा. नियम नाहीत असंही नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२० मध्ये डेअऱ्या आणि गोशाळांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, २०२१ मध्ये सुधारली. पण दहिसर-पोयसर नद्यांकाठच्या तबेल्यांचा प्रश्न महानगराच्या नाकाखाली इतकी वर्षं लोंबकळतो, तिथं आडरानातल्या गोठ्याकडं कोण बघणार? कृष्णा-पंचगंगेत मेलेल्या माशांचे फोटो आपण दरवर्षी छापता. तिथं संशय साखर कारखान्यांच्या मळीवर आणि शहरांच्या सांडपाण्यावर असतो. पंचनामा होतो, पाण्याचे नमुने जातात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा फोटो.

मोठे गोठे नकोतच असं माझं म्हणणं नाही. मंजुरीच्या कागदात गायींच्या आकड्याशेजारी शेण पसरायच्या जमिनीचे गट नंबर आणि त्या शेतकऱ्यांच्या सह्या असाव्यात, पावसाळ्याचे चार महिने पुरेल एवढी पक्की साठवण आधी बांधलेली असावी, आणि खालच्या बाजूच्या विहिरींचं पाणी गायी यायच्या आधी एकदा तपासून ठेवावं. आधीचा आकडाच नसेल तर नंतर भांडायचं कशावर? इथल्या लोकांची हीच अडचण झाली.

आपल्याला एक विनंती. आपला प्रतिनिधी पुढच्या खेपेला अशा डेअरीवर गेला तर दुधाच्या टाकीचा फोटो काढून झाल्यावर त्यानं गोठ्याच्या मागच्या अंगाला जावं. रबडी कुठं साठते, कुठल्या रानात जाते, शेवटचं तळं कधी उपसलं, हे मालकाला नाही तर तिथल्या गड्यांना विचारावं. मग उताराच्या दिशेनं चालत ओढ्यापर्यंत जावं आणि जवळच्या गावातल्या भोई मंडळींना विचारावं की पहिल्या पावसात जाळ्यात काय येतं. त्यांची नावं छापू नका, त्यांना त्याच गावात राहायचं असतं.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यक
(मूळ वारणाकाठ, सध्या मुक्काम रॉचेस्टर, मिनेसोटा)